हा अभ्यास नाही

उचगाव, कोल्हापूर
बुधवार

प्रिय संघप्रिया,

जयभीम. पाकीट बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत आणि कुणी दवाखान्यात नाही. आता उभ्या उभ्या वाचू नकोस, बस कुठंतरी. शेवट आधी वाचायची तुझी खोड आहे, ती आजच्या दिवस सोड. फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये हाय" म्हणून ठेवतेस, व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या दहा ओळींना एक अंगठा पाठवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला पोटच्या पोरीशी बोलायला पोस्टात जावं लागतंय, हे माझ्या जुन्या मैत्रिणींना कळलं तर त्या हसतील. हसू देत. कागदाचा आवाज कमी करता येत नाही, एवढं मला बास आहे.

बातमी अशी, की आपल्या क्लबाचा फील्ड डेचा आढावा रविवारी एकदाचा झाला. जानेवारीतल्या फील्ड डेचा आढावा डिसेंबरात. मागच्या वर्षाचा आढावा झाल्याशिवाय पुढच्या वर्षाची नावनोंदणी करायची नाही ही आपली रीत, आणि नोंदणीची तारीख डोक्यावर आली, म्हणून अमरसिंहदादांनी शिरोली एमआयडीसीत त्यांच्या फौंड्रीच्या वरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. क्लबाचे अध्यक्ष तेच, खोली त्यांची, चहा त्यांचा, त्यामुळं आवाजही त्यांचाच मोठा. सुरुवातीला तुझी आठवण कुणी काढली नाही, पण दाराचा आवाज झाला की सगळे तिकडं बघत होते. तुझे पप्पा माझ्या शेजारी बसले होते. त्या जानेवारीपासून तू त्यांच्याशी एक अख्खं वाक्य बोललेली नाहीस, संघप्रिया. ते कुणाला सांगत नाहीत. मी सांगते, कारण मला ते सहन होत नाही.

नवीन एक पोरगी आलीय, मोना. कॉलेजात शिकते, परवाना अजून यायचाय, आणि प्रश्न विचारते की विचारू नकोस. तिच्यासाठी दादांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग सांगितलं. हॅम रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या सेटवरून अनोळखी माणसांशी हवेतून बोलायचा छंद. परवान्याबरोबर कॉलसाइन मिळतं, ते आपलं हवेतलं नाव. आणि फील्ड डे म्हणजे वर्षातून एकदा घरची वीज, घरची अँटेना सोडून रानात तंबू ठोकायचा आणि बॅटरीवर जमतील तेवढी स्टेशनं गाठायची. जेवढी स्टेशनं, तेवढे गुण, आणि क्लबाक्लबांत स्पर्धा. उद्या पूर आला, मोबाइलचे टॉवर बसले, तर आपला हात चालायला पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. मोना म्हणाली, मग काकू, आपण जिंकलो का? आपला अँटेनावाला कृष्णात खाली बघून नखं कुरतडायला लागला.

तर आढावा. दर गोष्टीला कॅप्टननं दहापैकी गुण द्यायचे, आणि कॅप्टन मी. जागेला मी पैकीच्या पैकी दिले. आजऱ्याच्या पुढचा तो कातळाचा सडा, वर मोकळं आभाळ, खाली काजूची झाडं, जवळपास विजेची तार नाही की गिरणीची मोटर नाही, सेट असा स्वच्छ ऐकू येत होता. जेवणालाही काही बोलायला जागा नव्हती. आजऱ्याला गेलो आणि घनसाळचा भात खाल्ला नाही असं कसं होईल? अँटेनाचे मात्र मी गुण कापले. कृष्णातनं बांबू नीट रोवले होते, ताण नीट दिले होते, पण वानरांचा विचार कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली आणि त्यांनी आपली तार झोपाळा समजून ओढली. कृष्णात म्हणाला, वहिनी, वानरांचं खातं माझ्याकडं न्हवतं. सगळे हसले. त्या खोलीत रविवारी तेवढंच एक हसू झालं.

त्यानंतर तालीम आली. मोनाला मी सांगितलं, फील्ड डेमध्ये आपत्तीची तालीम करावी लागते, तिचे गुण वेगळे. एक जण हँडसेट घेऊन लांब जातो, संकटात सापडल्याचं सोंग करतो, आणि तंबूतल्यानं त्याचा संदेश नीट घेऊन, जागा विचारून, मदत पाठवायची. बाहेरच्या कुणी ऐकून घाबरू नये म्हणून संदेशाच्या आधी आणि नंतर तीनदा "अभ्यास" म्हणायचं, असा नियम. आपल्या क्लबात संकटात सापडायचं काम दरवर्षी तुझ्या पप्पांचं. पोलीस वायरलेसमध्ये जन्म गेला, तिथं एक जादा शब्द बोलता येत नव्हता, त्याची सगळी कसर इथं काढायचे. एका वर्षी साप चावला. एका वर्षी एसटी उलटली, तर आतल्या चार जणांचे आवाज एकट्यानं काढले, त्यात एक म्हातारी पण होती. आणि "अभ्यास" मात्र कधीच म्हणायचे नाहीत. सांगितलं की म्हणायचे, "जीव चाललेला माणूस आधी अभ्यास म्हणतोय व्हय? मग गाडी कवा बोलवायची?" आपण सगळे पोट धरून हसायचो. नियम कुणी मोडला असं कुणालाच वाटायचं नाही. यल्लाप्पांची गंमत, असं त्याला नाव होतं.

कुठलं संकट, ते फक्त कॅप्टनला आणि पप्पांना माहीत असायचं. या खेपेला आमचं ठरलं होतं, काजूच्या झाडावरून पडून पाय मोडला. सकाळी तंबूमागं मला त्यांनी विव्हळून पण दाखवलं होतं. मी म्हटलं, जरा कमी करा, पाय मोडलाय, बाळंतपण नाही. मग पाण्याची बाटली आणि काठी घेऊन, टोपी घालून निघाले. सड्याच्या त्या टोकाला दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते. का बघत होते ते मला माहीत नाही. दरवर्षी बघत नव्हते.

आणि तू. मी तुला ते कधी सांगितलं नाही, आता सांगते. त्या सकाळपर्यंत मी तुझ्यासारखा ऑपरेटर बघितला नव्हता, आणि मी एका माणसाशी लग्न केलंय ज्याला त्यासाठी पोलिसात बक्षीस मिळालं होतं. बँड असा उघडला होता, लांबलांबचे आवाज असे येत होते, की इटली, रशिया, जपान, कुठून कुठून स्टेशनं एकावर एक कोसळत होती, सगळी तुझं नाव घेऊन, आणि तू एकेकाला बाजूला काढून, नाव लिहून, गुण घेऊन सोडत होतीस. पाठ ताठ, आवाज शांत. बेळगावची मंडळी रात्रीपर्यंत आपल्या पुढं होती, ती मागं पडत चालली होती. मग वानरांनी तार ओढली, दुसरा सेट बंद पडला, मी आणि कृष्णात बांबू धरायला पळालो, आणि तंबूत तू एकटी राहिलीस. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा, टेबलावर पप्पांसाठीचा हँडसेट.

पुढचं मी बघितलेलं नाही. तू जीपमध्ये मला सांगितलंस, एकदाच, आणि परत कधी नाही. ठरलेल्या वेळेच्या आधीच पप्पांचा आवाज आला. शब्द जड, एकात एक गुंतलेले, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखे. तुला वाटलं, या वर्षी दारुड्याचं सोंग काढलंय. तू हसलीस. तू म्हणालीस, "पप्पा, धापैकी धा. जरा थांबा, लाइन लागलीया." ते परत बोलले, आणखी जड. इकडं जपानचं एक स्टेशन अर्धवट राहिलं होतं. तू हँडसेटचा आवाज कमी केलास. मग त्याच्यावरचा हिरवा दिवा लागत राहिला, विझत राहिला, म्हणजे पलीकडून कुणीतरी बटण दाबतंय आणि बोलत नाही. तुला वाटलं, चिडवतायत. तू पुढचं स्टेशन घेतलंस, आणि त्याच्या पुढचं.

मी चिकटपट्टी न्यायला तंबूत आले. सहज विचारलं, आले का हे हवेत? तू हेडफोनवरचं लक्ष न काढता हसत म्हणालीस, आलेत, लवकर आलेत, नुसते बरळायला लागलेत, तोंडात पानाचा तोबरा भरलाय जणू. माझ्या हातातली चिकटपट्टी खाली पडली का मी टाकली, मला आठवत नाही. मी एवढंच म्हणाले, "त्येंचा पाय मोडणार हुता, संघप्रिया. तोंड न्हाय." तुझा चेहरा तेव्हा जो झाला तो मी विसरलेले नाही, आणि तुलाही तो आठवत असणार, आरसा नसला तरी.

इथपर्यंत खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तंबूतलं यापुढचं कुणाला पुरतं माहीत नव्हतं, कारण ते फक्त मी बघितलंय. म्हणून मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि सांगितलं. तूही ऐक, कारण मला दाट शंका आहे की हे तू स्वतःच विसरून गेली आहेस. मी हँडसेट उचलला आणि नुसती "अहो, अहो, ऐकताय का" एवढंच ओरडत राहिले. तीस वर्षं लोकांना शांतपणे "लाइनवर राहा" म्हणणारी मी, बटण सोडायचं विसरले. मी बटण धरून ठेवलं तर पलीकडचा उत्तर कसा देणार? तू माझ्या हातातून सेट काढून घेतलास. काढून घेतलास म्हणजे हिसकावलास. आणि त्याच आवाजात, ज्या आवाजात जपानशी बोलत होतीस, तू म्हणालीस, "पप्पा, बोलू नका. ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा." दिवा दोनदा लागला.

मग तू विचारत गेलीस. काजूच्या बाजूला असाल तर एकदा, टाकीच्या बाजूला असाल तर दोनदा. दोनदा. सावलीत? एकदा म्हणजे हो. एकदा. कातळाच्या खाली? एकदा. कृष्णात तोवर एक हँडसेट घेऊन पळत सुटला होता, तू त्याला तंबूतल्या आणखी एका हँडसेटवरून वाट सांगत होतीस, आणि मध्येच पप्पांना म्हणत होतीस, झोपू नका, दाबत राहा, मी मोजतेय. जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या कपारीत ते सापडले. टोपी बाजूला, उजवा हात अंगाखाली, आणि डावा अंगठा बटणावर. ती कपार वरून दिसत नाही. कृष्णातनं रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं, पोरीनं रस्ता दिला नसता तर मी त्या टाकीच्या कडेनं दहा वेळा गेलो असतो. मग तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

जीप, घाट, आजरा, तिथून पुढं स्कॅनचं यंत्र होतं तिथपर्यंतचा रस्ता, हे काही मी लिहीत नाही. तू पप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, हेडफोनचा वळ तुझ्या केसांत तसाच होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. इंजेक्शन वेळेत मिळालं, पण वेळेच्या अगदी काठावर. जे विचारायची तुझी हिंमत झाली नाही, ते मी डॉक्टरांना विचारलं होतं, तू बाहेर बाकावर असताना. मी विचारलं, जरा लवकर आलो असतो तर हे जास्त बरे झाले असते का? डॉक्टर चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, पण यांचं कुठलं मिनिट वाया गेलं ते मलाच काय, कुणालाच सांगता यायचं नाही. गाठ अडकली ती कुणाच्या चुकीनं नाही, हेही म्हणाला. मी तुला अर्धंच उत्तर कधी दिलं नाही, म्हणून हे दोन्ही देते. दोन्ही जवळ ठेव, एकच नेऊ नकोस.

मला तुझा राग आला होता. तो लपवायचा मी प्रयत्न केला आणि तो तुला दिसला, हेही मला माहीत आहे. तुझ्या मामीनं, आत्यानं, सगळ्यांनी तुला जवळ घेऊन तुझी काही चूक नाही म्हणून सांगितलं, मी एकटी गप्प राहिले. चूक नाही असं मी म्हणणार नव्हतेच. दिवा लागत होता आणि तू स्टेशन घेत होतीस. मला तुझ्या पप्पांचाही राग आला होता, वर्षानुवर्षं तो एक शब्द न म्हटल्याचा, आणि त्यावर हसणाऱ्या आख्ख्या क्लबाचा, आणि त्या वानरांचासुद्धा. पण राग आला म्हणून माणूस नकोसं होत नसतं, एवढं तुला कळायला हवं होतं. तू महिन्याभरात पुण्याची बदली घेतलीस. जाताना म्हणालीस, माझा परवाना परत करून टाका. मी तो कपाटात ठेवला आहे, साड्यांच्या खाली.

पप्पांचं बोलणं अजून अडखळतं. डोकं पहिल्यासारखं लख्ख आहे, विनोदही तेच घाणेरडे, फक्त शब्द तोंडात यायला वेळ लागतो आणि आला की त्याची कडा तुटलेली असते. फोनवर लोक घाई करतात. वाण्याकडं लोक त्यांचं वाक्य पुरं करून टाकतात, मग ते रागावून काहीच न घेता घरी येतात. म्हणून उन्हाळ्यापासून ते रोज सकाळी साडेसातच्या नेटवर बसायला लागले. मोनाला मी सांगितलं, नेट म्हणजे ठरलेल्या वेळी हवेतली हजेरी, कोल्हापूरपासून पुण्या-नाशिकपर्यंतची सगळी मंडळी. तिथं कुणाला घाई नसते. यल्लाप्पासाहेब, शेवटचा शब्द परत द्या, असं म्हणून थांबतात, आणि हे परत देतात. डॉक्टरपेक्षा त्या नेटनं त्यांची जीभ जास्त सोडवलीय, असं माझं मत आहे.

आणि आता गुणांचं. बाकी सगळं झाल्यावर दादांनी विचारलं, तालमीत तंबूतल्या ऑपरेटरला किती? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी डावा हात वर केला. सगळे थांबले. त्यांना वेळ लागला, पण कुणी मध्ये बोललं नाही. ते म्हणाले, "धापैकी धा." मोनानं टाळी वाजवायला हात उचलले आणि माझं तोंड बघून खाली घेतले. मी म्हटलं, कॅप्टन मी आहे. पाच. आवाज कमी केला, त्याचे पाच गेले. आवाज कमी करायचा नसतो, गुण असोत नाहीतर जपान असो. आणि माणूस बोलू शकत नाही हे कळल्यावर ज्या तऱ्हेनं त्याला बोलतं केलं, त्याचे पाच, आणि ते पाच मी आजवर कुणाला दिलेले नाहीत. पप्पा माझ्यावर रागावून घरी येईपर्यंत बोलले नाहीत. स्टेशनांचे गुण स्पर्धेला पाठवायचे नाहीत असं ठरलं, तुझ्या हातून क्लबाचे आजवरचे सगळ्यात जास्त झाले होते तरी. कृष्णातनं दोन गोष्टी मांडल्या, दोन्ही मंजूर झाल्या. तालमीच्या हँडसेटचं आवाजाचं बटण त्यानं गोंद लावून कायमचं बसवून टाकलंय, कमी होणारच नाही. आणि नियम केला, की खरं संकट असेल तर माणसानं तीनदा "अभ्यास नाही" म्हणायचं, आणि ते ऐकलं की हवेतल्या प्रत्येकानं हातातलं सोडून गप्प व्हायचं आणि ऐकायचं.

आता हे पत्र का, ते ऐक. दिवाळीला तू दोन दिवस येऊन गेलीस, पप्पांसमोर ताट ठेवलंस, औषधं विचारलीस आणि त्यांचं उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात गेलीस. तू गेल्यावर मी माळ्यावर चढले तर छोटा सेट जागेवर नव्हता, तारेचं भेंडोळंही नव्हतं. मी पप्पांना काही बोलले नाही. त्यानंतर चार-सहा दिवसांनी नेटवर पप्पांची पाळी संपली, आणि कुणीतरी माइकवर बोट वाजवलं. टक् टक्. नाव नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी परत. मग रोज. नेटवरच्या मंडळींना वाटलं, कुणी नवखा सेट जोडून बघतोय. मला वाटलं, हे फक्त मलाच कळलंय, पप्पांना नाही. पण ते दोन ठोके आल्याशिवाय पप्पा सेट बंद करत नव्हते, चहा गार झाला तरी. सोमवारी सकाळी अमरसिंहदादांनी आपल्या त्या मोठ्या तोंडानं सगळ्या नेटला आढावा सांगितला, तालमीच्या ऑपरेटरला दहापैकी पाच, आणि पप्पांचे दहा, माझे दुसरे पाच, कृष्णातची कपार, सगळं गाळून पुढं गेले. त्या दिवशी ठोके आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत. अर्धा आढावा तू ऐकलास, पोरी, म्हणून पुरा लिहिला. आज सकाळीही नेट संपला, ठोके नाहीत. मी म्हटलं, चला, पोहे गार होतायत. पप्पांनी डाव्या हातानं माइक उचलला आणि त्या भरल्या फ्रिक्वेन्सीवर, एकेक अक्षर जुळवत, तीनदा म्हणाले, "अभ्यास न्हाय. अभ्यास न्हाय. अभ्यास न्हाय." आणि मग तुझं कॉलसाइन. पूर्ण, एकही अक्षर न तुटता. मी त्यांच्या तोंडून या वर्षात एवढं स्पष्ट काही ऐकलेलं नाही. नियम नवा आहे, पण हवेतलं एक माणूस बोललं नाही. सगळे ऐकत थांबले. पप्पा अजून सेटसमोर बसलेत, मी त्यांच्या मागं बसून हे लिहितेय. शुक्रवारपर्यंत पत्र तुला मिळेल. शनिवारी सकाळी साडेसातला सेट लाव. माइकवर बोट वाजवू नकोस, कॉलसाइन न देता हवेत यायचं नाही ही परवान्याची पहिली अट तुला पप्पांनीच पाठ करून घेतलीय. तुझं नाव सांग, तुझ्या आवाजात. मग थांब. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तू बटण सोडून ऐकत राहा.

हिरव्या दिव्यावर डोळा ठेवून बसलेली, तुझीच
आई